शेजाऱ्याचे तीस दिवस

तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेल्या केरी गावात हल्ली जमिनीइतकीच चर्चा परवान्यांची होते. एखाद्या प्रकल्पाला पर्यावरण परवाना मिळतो, तो कागद धन्याच्या कपाटात जातो. आणि परिणाम मात्र कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याच्या विहिरीला, काजूच्या बागेला नि पावसाळी ओहोळाला भोगावा लागतो. या शेजाऱ्याचे कायद्यात स्थान काय?

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्याने कोणाही 'पीडित व्यक्ती'ला दाद मागण्याची मुभा दिली आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव असलेच पाहिजे असे नाही. कुळ वा मुंडकारही जाऊ शकतो. परंतु मुदत तीस दिवसांची. सबळ कारण दाखविल्यास आणखी साठ दिवस मिळतात. पुढे न्यायाधिकरणाचेही हात बांधलेले. शेतकऱ्याला परवान्याचा पत्ता लागेपर्यंत हे दिवस उलटतात, हा आमच्या मते या व्यवस्थेतील सर्वांत मोठा अन्याय होय.

वेळेत दाद मागितली तर काय घडते, हे याच पेडणे तालुक्याने मोपा प्रकरणी पाहिले. विमानतळाला २०१५ साली मिळालेल्या परवान्याला एका नागरिकाने व एका संस्थेने आव्हान दिले. हरित न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये परवाना कायम ठेवला. पण सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी, राखीव वनांसारखी माहिती अर्जात दडविल्याचा ठपका ठेवून, परवाना स्थगित केला व फेरविचार करविला. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, तीही अधिक अटींसह व नीरी या संस्थेच्या देखरेखीखाली. २०२३ पासून विमाने उडत आहेत. फिर्यादी हरले असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. त्या अटी कोणी आपण होऊन घातल्या नसत्या.

बरे, दाद मागायची ती पुण्यास. २०१७ मध्ये तर गोव्याचे खटले थेट दिल्लीस नेण्याचा घाट केंद्राने घातला होता; मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो हाणून पाडला, हे बरेच झाले. केरीच्या बागायतदाराने बागेचे शिंपण टाकून दिल्ली गाठायची होती काय?

परवान्याची जाहिरात स्थानिक वृत्तपत्रांत देण्याचे बंधन आहेच. पण ती वाचते कोण? पंचायतीने प्रत्येक परवान्याची सुबोध मराठी-कोंकणी प्रत, अपिलाची शेवटची तारीख ठळक घालून, आपल्या फलकावर आणि केरीच्या फेरीधक्क्यावर लावावी. खर्च कागदाचा आणि खळीचा.