सव्वातीनाचा कर्ण

कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. एकाचे कोन ४५-४५-९०, दुसऱ्याचे ३०-६०-९०. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या कोणत्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, वर्गमूळ दोन किती? १.४१४. वर्गमूळ तीन? १.७३२. नांदेडलाही हेच उत्तर मिळेल. नववीच्या भूमितीत या दोन त्रिकोणांची प्रमेये आहेत, ती वाचकांना ठाऊकच आहेत. मला वर्षानुवर्षे छळणारा प्रश्न वेगळा होता.

तो पडला किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे नव्या जागी वसली. त्यातल्या एका गावाच्या आखणीवर मी शाळकरी वयात दोरी धरून उभा होतो. मिस्त्रीमामांनी कोपऱ्यात खुंटी ठोकली, एका बाजूला तीन फूट, दुसरीकडे चार फूट मोजले आणि तिरकस दोरी पाच फुटांची होईपर्यंत मला सरकवत राहिले. मग म्हणाले, "आता आलं गुण्यात," आणि फक्की मारली. घर मोठे असले की सहा-आठ-दहा. शाळेत गेल्यावर प्लास्टिकच्या त्रिकोणाचे नावही गुण्याच निघाले. पण त्याच्या बाजू मोजायला घेतल्या तर एक तरी बाजू पट्टीच्या रेघांच्या मधेच पडायची. मामांच्या गुण्यात सगळे पूर्णांक, पेटीतल्या गुण्यात एक बाजू कायम हट्टी. या हट्टी बाजूला आपल्या मुलखात कुणी कसे वश केले, हे मला शोधायचे होते.

शुल्बसूत्रे मी भरभर ओलांडतो. बौधायनाकडे ३-४, ५-१२, ८-१५, ७-२४, १२-३५ या जोड्या आहेत. दोनच्या वर्गमुळासाठी त्याने दिलेल्या रीतीतून ५७७/४०८ ही किंमत येते, ती दशांशाच्या पाचव्या स्थळापर्यंत बरोबर आहे. खरी मौज 'लीलावती'त आहे.

तिथे भास्कराचार्य विचारतात: भुज, म्हणजे काटकोनाची एक बाजू, १२ असेल तर कोटी ही दुसरी बाजू आणि कर्ण अपूर्णांकाविना किती प्रकारे येतील? रीत अशी की मनाला येईल ती इष्ट संख्या घ्यावी. तिची दुप्पट भुजाने गुणावी, इष्टाच्या वर्गातून एक वजा करून भागावे, ही कोटी. कोटीला इष्टाने गुणून भुज वजा केला की कर्ण. इष्ट २ घेतला तर १६ आणि २०. ३ घेतला तर ९ आणि १५. ५ घेतला तर ५ आणि १३. दुसऱ्या रीतीने ३५ आणि ३७ ही जोडीही निघते. मिस्त्रीमामांचे सगळे कुटुंब या एका उदाहरणात आहे.

आणि मग ते दुसरे उदाहरण. भुज सव्वातीन, कोटीही सव्वातीन, कर्ण सांगा. हा तर कंपासपेटीतला ४५ चा गुण्या! दोन्ही वर्गांची बेरीज १६९/८. त्याला नेमके वर्गमूळ नाही. भास्कराचार्य ते तसे मान्य करतात आणि जवळचे मूळ काढायची युक्ती देतात. १६९ ला ८ ने गुणा, मग दहा हजाराने. आले १,३५,२०,०००. याचे जवळचे मूळ ३६७७. त्याला ८ गुणिले १०० म्हणजे ८०० ने भागा. कर्ण ४ पूर्णांक ४७७/८००. दशांशात ४.५९६२५, खरी किंमत ४.५९६१९. हातात मोजले तर चूक केसाच्या जाडीपेक्षा कमी. दहा हजाराऐवजी दहा कोटी घ्या, चूक आणखी घटेल. पाठ केलेल्या १.४१४ मध्ये ही मोकळीक नाही, म्हणून मला ही रीत जास्त मोलाची वाटते.

तिसरे उदाहरण 'लीलावती'च्याच वर्तुळाच्या प्रकरणात सापडले. २००० व्यासाच्या वर्तुळात बसणाऱ्या समभुज आकृत्यांच्या बाजू तिथे दिल्या आहेत. षट्कोनाची १०००. चौरसाची १४१४ पूर्णांक १३/६०. त्रिकोणाची १७३२ पूर्णांक १/२०. १४१४ आणि १७३२! ट्यूशन एरियातले पाठांतर, इ.स. ११५० च्या सुमारास. 'ज्योत्पत्ती' या प्रकरणात तर भास्कराचार्य सांगतात की एका राशीची, म्हणजे ३० अंशांची, 'ज्या' (आजचे साइन) त्रिज्येच्या निम्मी असते. नववीचे प्रमेय तेच.

भास्कराचार्यांच्या विज्जडवीड गावावरून वाद जुना आहे. कुणी विजापूर म्हणतो, कुणी चाळीसगावजवळचे पाटण, आपल्याकडचे लोक बीड म्हणतात. पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यात नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे, आणि शेवटच्या ओळी मराठीत आहेत. त्या वादात मी शिरत नाही, कारण शोधता शोधता मला मराठवाड्याचा निर्विवाद माणूस भेटला.

त्याचे नाव सूर्यदास. गाव पार्थपूर, म्हणजे परभणी जिल्ह्यातले पाथरी. नांदेडहून परभणी, मानवत करत तिथे जाता येते, आणि पाथरीच्या दक्षिणेने वाहणारी गोदावरीच पुढे नांदेडच्या घाटांना लागते. वडील ज्ञानराज, 'सिद्धान्तसुंदर'चे कर्ते. सूर्यदासाने १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'सूर्यप्रकाश' आणि १५४१ मध्ये 'लीलावती'वर 'गणितामृतकूपिका' लिहिली. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाची गाजलेली 'बुद्धिविलासिनी' त्यानंतर चार वर्षांनी आली. याच सूर्यदासाने 'रामकृष्णविलोमकाव्य' रचले. सरळ वाचले तर रामकथा, उलटे वाचले तर कृष्णकथा. अक्षरांना दोन्ही दिशांनी चालवणारा हा माणूस सव्वातीनाच्या कर्णावरही बसला होता, हे कळले तेव्हा मी हातातला चहा विसरलो.

पाथरी गेल्या काही वर्षांत बातम्यांत आली ती साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे. सूर्यदासाचे नाव त्या गदारोळात माझ्या कानावर एकदाही पडले नाही. आपल्या गणिताची एवढी उपेक्षा आपणच करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील गणिताच्या आणि संस्कृत जाणणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: 'गणितामृतकूपिके'तले त्रिकोणाचे प्रकरण सोप्या मराठीत, आकृत्यांसह, पुस्तिका म्हणून काढा. लातूर-नांदेडच्या नववीच्या वर्गात ती गुण्याच्या धड्याआधी पोहोचू द्या.