विंचवाचं बिऱ्हाड, नागपुरी उन्हात

रामटेकची कार्तिकी पौर्णिमेची जत्रा असो की वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला भरणारी महाशिवरात्रीची, विदर्भातली कुटुंबं तिथे बैलबंडीने जायची आणि बंडीतच मुक्काम ठोकायची. वर्षभर खत, कापूस, कडबा वाहणारी तीच बंडी. जायच्या आदल्या दिवशी ती धुऊन काढायची, साट्यात तणस पसरायची, त्यावर गोधडी टाकायची. वर बांबूच्या कमच्यांची कमान, कमानीवर तट्ट्या. खाली आखाजवळ कंदील आणि वंगणाची नळी लटकलेली. जत्रेच्या माळावर बैल सोडले, जुवाखाली टेकण दिलं, शेजारी तीन दगडांची चूल मांडली, की झालं घर.

आज जगभरातले हौशी लोक हेच करतात. मालाचा ट्रेलर घेतात, म्हणजे दोन चाकं, लोखंडी सांगाडा आणि पत्र्याचं बंद खोकं. त्यात गादी, शेगडी, पाण्याची टाकी, दिवे बसवतात आणि गाडीच्या मागे जोडून डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे निघतात. नागपूरजवळच्या वाडी गावातल्या ट्रान्सपोर्ट गोदामांच्या बाजूने जाताना तसली रिकामी खोकी दिसली की मला थांबून बघत राहावंसं वाटतं. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, पुरुषभरही उंच नाही. एवढ्याशा पत्र्याला घर करायचं, तर निसर्गाच्या किती नियमांशी बोलणी करावी लागतात! आणि गंमत अशी, की त्यांतले बहुतेक नियम नागपूरच्या माणसाला वेगळ्या नावांनी आधीच ठाऊक आहेत.

पहिला नियम तर एका मराठी शब्दातच बसलेला आहे. बंडीत ओझं मागे जास्त झालं, की पुढून जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याखालचं जोतं त्यांच्या नरड्याला फास लावतं. अशा गाडीला ‘उलाळ’ म्हणतात, कोणी ‘उलार’ म्हणतात. ओझं पुढे जास्त झालं तर ती धुरजड. मग बैलांच्या मानेवर नको इतका भार येतो. दोन्हींच्या मधला बिंदू बंडीवाला हाताने शोधतो. बैल जुंपण्याआधी जू एका हाताने उचलून बघतो. फार हलकं वाटलं तर दोन पोती पुढे, फार जड वाटलं तर मागे. वाटेत चढ लागला की तो स्वतः सरकून पुढे धुरेवर येतो, कारण चढावर गाडी तिरपी झाली की ओझ्याचा मध्य आखाच्या मागे झुकतो. उतारावर तोच माणूस मागे सरकतो. त्याचं स्वतःचं शरीर हेच त्याचं सरकतं वजन असतं.

एका आखाचा ट्रेलर म्हणजे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बंडीच. बैलांच्या जागी गाडीचा हूक आला, एवढाच फरक. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग, किंवा थोडा जास्त, हुकावर टेकलेला असावा असा नियम बांधणारे पाळतात. सगळं सामान भरून ट्रेलर 600 किलोचा झाला, तर हुकावर 60 ते 80 किलो यायला हवेत, म्हणजे एका भरल्या अंगाच्या माणसाचं वजन.

पण बंडी ताशी चार-पाच किलोमीटरने चालते आणि आपला ट्रेलर ऐंशीने, आणि तिथे उलाळपणाचं रूपच बदलतं. मागे जड झालेला ट्रेलर वाऱ्याच्या एखाद्या झोताने, नाहीतर शेजारून गेलेल्या ट्रकच्या धक्क्याने, शेपटीसारखा डावी-उजवीकडे डोलू लागतो. कमी वेगात हे डोलणं आपोआप विरतं; प्रत्येक झोका आधीच्याहून लहान होतो. वेग वाढवत गेलं की एक अशी पायरी येते, जिच्यापुढे प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. गाडीच्या पुढे जाण्यातली ताकदच आता झोक्याला मिळू लागते, आणि काही सेकंदांत ट्रेलर गाडीलाही फिरवून टाकू शकतो. तीच गाडी, तोच ट्रेलर, तोच रस्ता, फक्त काट्यावरचा आकडा थोडा पुढे. ती पायरी किती वेगावर येईल, हे आत सामान कुठे ठेवलं आहे त्यावर ठरतं. म्हणून साठ लिटरची पाण्याची टाकी आखाच्या डोक्यावर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत. बॅटरी तिच्या आसपास. सगळ्यात मागच्या टोकाला उशा, पांघरुणं, रिकामी भांडी. दोन्ही टोकांना जड सामान ठेवून तोल साधला तरी तो खोटा तोल आहे: काठीच्या दोन टोकांना दगड बांधले की ती फिरायला जड जाते, आणि एकदा फिरली की थांबायलाही जड जाते. डोलणं सुरू झालंच तर हळूहळू वेग कमी करायचा. वेग वाढवून ते सुटत नाही.

आता ऊन.

नागपूरचा उन्हाळा हा या खोक्याचा खरा परीक्षक. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो त्याच सुमारास, नागपुरात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. म्हणजे छतावर ऊन तिरपं पडत नाही, सरळ ओततं. दर चौरस मीटरला सुमारे 1000 वॅट. आठ बाय पाचाचं छत म्हणजे 3.7 चौरस मीटर. बाथरूममधले दोन किलोवॅटचे जवळजवळ दोन गीझर कोणी छतावर आडवे ठेवून चालू करावेत, तेवढी ही आग आहे.

उघडा पत्रा ती आग आत आणतो. लोखंडातून उष्णता थर्माकोलच्या हजारपटीहून जास्त सहज वाहते. पत्रा तापून 70 अंशांना गेला आणि आत आपल्याला 35 हवेत असं धरा. मध्ये फक्त एक इंच थर्माकोल घातला, तर त्या संपूर्ण छतातून आत उतरेल ती उष्णता 180 वॅटच्या आसपास. साडेतीन हजारांहून जास्त वॅटच्या ज्वाळेतून आत पोचतात ते फार तर दोन जुन्या पिवळ्या बल्बांएवढे वॅट! थर्माकोल स्वतः काही करत नाही. त्याने फक्त हवा लहान लहान कोठड्यांत कोंडलेली असते, आणि कोंडलेली हवा उष्णतेला पुढे सरकू देत नाही. गोधडीतही हेच चालतं, तणसातही हेच. फक्त एक जपावं लागतं. आतलं प्लायवूड सरळ लोखंडी फासळ्यांना स्क्रूने आवळलं, तर त्या फासळ्या उष्णतेचे पूल होतात आणि थर्माकोलला वळसा घालून ऊन आत येतं. मध्ये रबराची किंवा लाकडाची पट्टी हवी.

त्याहून सुंदर युक्ती म्हणजे ऊन पत्र्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही. छतावर चार बोटं अंतर सोडून दुसरं छत. वरचं तापतं, मधली हवा वाहून जाते, खालचं सावलीत राहतं. जुन्या दुहेरी तंबूंचं रहस्य हेच होतं. विल्यम लॅम्बटन, ज्याने भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, त्याने आयुष्याची सुमारे वीस वर्षं तंबूंच्या मुक्कामांवर काढली. सोबतीला अर्धा टन वजनाचं कोनमापक यंत्र, म्हणजे जवळपास आपल्या ट्रेलरएवढं ओझं. हैदराबादहून नागपूरकडे येताना जानेवारी 1823 मध्ये, वाटेतल्या मुक्कामावर, हिंगणघाटला तो वारला. नागपूर तिथून पाऊणशे किलोमीटरही नव्हतं. ज्या मोजणीची आठवण म्हणून आपण नागपुरातला शून्य मैलाचा दगड दाखवतो, ती चालत्या बिऱ्हाडांतून झाली, हे त्या दगडाजवळून जाताना दर वेळी माझ्या मनात येतं.

आजच्या ट्रेलरवर दुसऱ्या छताचं काम सौर पॅनेल करू शकतं. दोनशे वॅटचं पॅनेल अंतर सोडून बसवलं की खाली सावली पडते, आणि उघड्या आकाशाच्या दिवशी पाऊण ते एक युनिट वीज मिळते. जे ऊन छळणार होतं तेच रात्री पंखा फिरवतं.

आणि पंख्याच्या मागे वाळ्याची ताटी ठेवली की झाला कूलर. नागपूरकराला कूलर काय सांगायचा! पण त्याचं गणित मांडलं की मला अजूनही नवल वाटतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती उष्णता पाणी हवेतूनच ओढून घेतं. तासाला दीड लिटर पाणी उडालं की एक किलोवॅट गारवा, आणि वीज लागते ती फक्त पंखा आणि छोट्या पंपापुरती. मेच्या दुपारी बाहेर 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला पारा 24 च्या आसपास थांबतो, आणि चांगला कूलर हवा 28 पर्यंत खाली आणतो. सतरा अंशांची घसरण! तोच कूलर जुलैत लावा. हवा आधीच पाण्याने भरलेली, त्यामुळे मिळतात दोन-तीन अंश आणि चिकचिक. कोकणात अशा ट्रेलरला कूलर लावायचं कोणाला सुचणार नाही. विदर्भातच तो खरा शोभतो.

खोकं लहान असल्याचा इथे मोठा फायदा आहे. आतली सगळी हवा जेमतेम पाच घनमीटर. लहानसा कूलरही ती अर्ध्या मिनिटात पूर्ण बदलून टाकतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल, तर तो कूलर राहत नाही, घामाचं कोठार होतं.

नागपूर सोडून रस्ता कच्चा झाला की माती बोलू लागते. दख्खनच्या काळ्या खडकाचं विशाल पठार पूर्वेकडे येत येत नागपूरच्या आसपास संपतं. सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. पश्चिमेला काटोल, वर्ध्याकडे निघालात तर काळी कापसाची जमीन. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसून भेगाळते. पावसाच्या एका सरीत ती चाकाला अशी बिलगते, की चाक फिरतं आणि जमीनच सोबत फिरते. पूर्वेला भंडारा, नागझिऱ्याकडे निघालात तर खडक आणि माती दोन्ही बदलतात. एकाच शहरातून दोन दिशांना दोन वेगळे ऑफ-रोड!

अशा जमिनीवर ट्रेलर कशावर उभा असतो? एका चाकावर 300 किलो आणि टायरमध्ये 35 पीएसआय हवा असेल, तर टायर जमिनीला टेकतो तो भाग सुमारे 125 चौरस सेंटिमीटर. आपलं साधं पोस्टकार्ड तेवढंच असतं. सगळं घर दोन पोस्टकार्डांवर! हवा 18 पर्यंत उतरवली की प्रत्येक चाकाखाली जवळजवळ दोन पोस्टकार्डं येतात, जमिनीवरचा दाब निम्म्यावर येतो, आणि जिथे चाक रुतत होतं तिथे ते वरून निघून जातं. यासाठी लागतो एक दाबमापक आणि परत डांबरावर आल्यावर हवा भरायला छोटा पंप. भरायला विसरायचं नाही, कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो.

वजनावरून आठवलं. युरोपात हौसेसाठी बांधलेलं पहिलं चाकांवरचं घर म्हणून ज्याचं नाव घेतात ते ‘वाँडरर’. नौदलातले निवृत्त डॉक्टर आणि लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी 1885 मध्ये ते करवून घेतलं. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. रस्ता कसा आहे ते बघायला त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जायचा. दोन टन! आजचा बांधणारा एकेका किलोसाठी भांडतो, कारण प्रत्येक किलो त्या पोस्टकार्डावर टेकणार असतो.

आपल्याकडे हे करायचं तर आधी आरटीओत जाऊन यायला हवं. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठणकावून सांगितलं आहे. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे मुक्कामाच्या जागांचा विचार तरी सुरू झाला. जंगलाच्या हद्दीत अर्थातच वनखात्याची परवानगी लागते. आणि ट्रेलर चालता असताना आत कोणी बसायचं नाही, मुलांनी तर मुळीच नाही.

डिसेंबरात रामटेकजवळ, खिंडसी तलावाच्या अलीकडे मुक्काम पडला आहे असं समजा. बाहेर दहा अंश. खिडक्या लावून घ्याव्यात असं वाटतं, पण वरची झरोक्याची फट आणि खालची जाळी उघडीच ठेवायची. शेगडी आत पेटवायची नाही, कोळशाची तर कधीच नाही. तिचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही. आत दोन माणसं झोपली आहेत. रात्रभरात त्यांच्या श्वासातून आणि अंगातून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत जातं. फटीतून त्यातलं बरंचसं निघून जातं. उरलेलं सर्वांत गार जागा शोधतं, आणि पहाटे खिडकीच्या काचेवर आतून थेंब उभे राहतात. बोटाने पुसले की पलीकडे खिंडसीवरचं धुकं दिसतं, तेही तसंच, रात्री गार झालेल्या हवेला न पेललेलं पाणी.