आरटीईच्या २५ टक्के जागा

कायदा : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (आरटीई). अंमल १ एप्रिल २०१० पासून. वयोगट ६ ते १४. आधार घटनेतील कलम २१-अ (८६ वी घटनादुरुस्ती, २००२).

कलम १२(१)(क) : खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या. प्रवेशवर्ग म्हणजे पहिली. शाळेला पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तेथूनच. अल्पसंख्याक शाळांना सूट (सर्वोच्च न्यायालय, २०१२ व २०१४).

वंचित की दुर्बल? अर्ज भरताना बहुतेक गोंधळ इथेच होतो.
• वंचित : अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग बालके आदी. यांना उत्पन्नाची अट नाही.
• दुर्बल : महाराष्ट्रात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांपर्यंत. तहसील कार्यालयाचा दाखला लागतो.

निवड : ऑनलाइन अर्ज, मग सोडत. गुणवत्ता चाचणी किंवा मुलाखत घेण्यास कायद्याने मनाई. घरापासून १ किलोमीटरच्या आतल्या मुलांना प्राधान्य, त्यानंतर १ ते ३ किलोमीटर.

पैसे : शासनाचा प्रतिविद्यार्थी खर्च किंवा शाळेचे प्रत्यक्ष शुल्क, यांपैकी कमी असेल ती रक्कम शाळेला. थकीत परताव्यावरून संस्थाचालक आणि शासन यांच्यातील वाद जुनाच.

२०२४ : १ किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला सूट, अशी अधिसूचना राज्याने ९ फेब्रुवारीला काढली. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती. १९ जुलैला न्यायालयाने अधिसूचनाच रद्द केली.

मर्यादा : मोफत शिक्षण आठवीपर्यंत. नववीपासून या कलमाचे संरक्षण नाही.