तरोटा ओळखा, मगच खुडा

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, त्या सुमारास माळरानावर, बांधावर आणि रेल्वेलाइनच्या कडेने तरोटा उगवलेला असतो. विदर्भात तरोटा, कोकणात व देशावर टाकळा. ही फुकटची भाजी. हाताला काम नसलेल्या पावसाळ्यात हिनेच आपल्या कित्येक पिढ्यांना तारले. म्हणून ती खाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, असे आम्हाला वाटते.

परंतु तरोट्यासारखेच दिसणारे दुसरे झाड शेजारीच उगवते. ते म्हणजे कासविंदा. काही ठिकाणी त्याला रानटाकळा म्हणतात आणि इथेच घोटाळा होतो. पश्चिम उत्तर प्रदेशातील खेड्यांत लहान मुले अचानक बेशुद्ध होऊन दगावत. अनेक वर्षे हा मेंदूज्वर समजला जाई. कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने यकृत, स्नायू व मेंदूवर विषाचा परिणाम होतो, हे डॉक्टरांनी 2007 साली अभ्यासातून दाखवून दिले.

दोन्ही झाडे शेंगवर्गीय. दोन्हींची फुले पिवळी आणि पानांना उग्र वास. तेव्हा फुलावर किंवा वासावर जाऊ नका. पुढील खुणा पाहा.

पान : तरोट्याच्या एका देठावर पानांच्या बहुधा तीन जोड्या, म्हणजे सहा पाने. पान टोकाशी रुंद व गोलसर. कासविंद्याला चार ते सहा जोड्या, पान टोकदार.

गाठ : तरोट्याची बारीक गाठ खालच्या पानांच्या जोडीमध्ये असते. कासविंद्याची गाठ देठाच्या अगदी बुडाशी.

शेंग : तरोट्याची बारीक, लांब, वाकडी. कासविंद्याची चपटी, मधे तपकिरी व कडेने फिकट.

तिन्ही खुणा जुळल्या तरच खुडा. शंका आली तर ती डहाळी टाकून द्या. गटाराच्या काठची भाजी तर नकोच. पावसाळा संपता संपता शेंगा धरतात. खेळता खेळता मुले त्या तोंडात घालतात, म्हणून त्यांना हे झाड दाखवून ठेवा. मुलाने बिया खाल्ल्याचे कळले, किंवा त्याला उलट्या होऊन ते गुंगू लागले, तर अंगारे-धुपारे करीत बसू नका. ती शेंग सोबत घेऊन तडक सरकारी दवाखाना गाठा.

तक्षशिलेत आचार्यांनी जीवकाला सांगितले होते, योजनभर फिर आणि औषधी नसलेली वनस्पती शोधून आण. जीवक रिकाम्या हाताने परतला, कारण तशी एकही त्याला सापडली नाही. मात्र त्याने प्रत्येक झाड नीट पाहिले होते. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, ही तर तथागतांचीच शिकवण आहे. ती आपल्या चुलीपर्यंत आली पाहिजे.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर माताभगिनींनी दोन्ही डहाळ्या आणाव्यात आणि मुलांच्या हाती देऊन पाने मोजायला लावावीत, एवढीच आमची विनंती. जयभीम!