विजेची सायकल घेतांना

पुण्याला सायकलींचें शहर म्हणत असत, तो काळ आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलेला आहे. मीही शाळेंत अनेक वर्षें सायकलीवरूनच जात असें. पुढें गुडघे कुरकुरूं लागले, चांदणी चौकाकडचा चढ दरवर्षीं अधिक उभा भासूं लागला, आणि सायकल जिन्याखालीं गेली. ती पुन्हां बाहेर काढण्याची आशा दाखविणारें वाहन म्हणजे विजेची सायकल. परंतु दुकानांत पाऊल टाकतांच वॉट, व्होल्ट, अँपिअर यांचा असा भडिमार होतो कीं, शेवटीं रंग पाहूनच खरेदी होते. माझी पहिली सायकल मीं जवळजवळ तशीच घेतली.

दुकानदारानें सांगितलें होतें कीं, बॅटरी एकदां भरली म्हणजे ४० किलोमीटर चालेल. तेविसाव्या किलोमीटरला, नेमकी चढाच्या पायथ्याशीं, तिनें मान टाकली. पेडल मारूं लागलों, तों मागचें चाक कोणी धरून ठेवावें तसें जड. २२ किलोंची ती सायकल ढकलीत घरीं पोहोंचलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, दुकानदार सर्वस्वीं खोटें बोलला नव्हता. विचारावयाचे प्रश्न मींच विचारले नव्हते.

कल्पना तशी जुनी आहे. मागच्या चाकांत विजेची मोटर बसविलेल्या सायकलीचें पेटंट अमेरिकेंत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ सालीं मिळालें. पेडल मारणाऱ्याच्या जोराला मोटरनें हातभार लावावयाचा, ही तऱ्हा यामाहा कंपनीनें १९९३ सालीं जपानांत बाजारांत आणली. मधल्या शंभर वर्षांत अडचण मोटरची फारशी नव्हती. अडचण होती ती वजनदार बॅटरीची. आजही सायकल निवडणें म्हणजे मुख्यतः बॅटरी निवडणें होय.

बॅटरीवर दोन आंकडे असतात. माझ्या बॅटरीवर ३६ व्होल्ट व ७.५ अँपिअर-तास असे होते. त्यांचा गुणाकार २७० वॉट-तास. हा तिच्या पोटांतला खरा सांठा. दोहोंपैकीं एकच आंकडा मोठ्या अक्षरांत छापला असेल तर त्याला भुलूं नये. आतां खर्चाची बाजू. पेडल न मारतां नुसती मूठ पिळून गेल्यास किलोमीटरमागें सुमारें १२ वॉट-तास लागतात; निम्मा भार आपण पायांनीं उचलला तर सहा-सातांवर भागतें. म्हणजे त्याच सांठ्यांत एकाला २२ किलोमीटर पडतील, दुसऱ्याला ४०. दुकानांतला आंकडा हा सपाट रस्ता, हलका स्वार आणि कष्टाळू पाय यांचा असतो. आपला रोजचा जाण्यायेण्याचा पल्ला मोजावा, त्याला १२ नें गुणावें, आणि उत्तराच्या दीडपट सांठा मागावा. दीडपट अशासाठीं कीं, लिथियमची बॅटरी कांहींशें वेळां भरून रिकामी झाली म्हणजे तिचा सांठा पाऊणपटीच्या आसपास उतरतो, आणि आपण सायकल घेतों ती पहिल्या वर्षापुरती नव्हे.

विजेच्या बिलाची चिंता कोणीं करूं नये. २७० वॉट-तास भरण्यास, चार्जरमधली गळती धरूनही, युनिटाचा तिसरा हिस्सा पुरतो. खरा खर्च पुढच्या बॅटरीचा. तीच बॅटरी सुटी केवढ्यास मिळते, हें आजच लेखी मागून घ्यावें. आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यानें ती काढून घरांत नेतां येते कीं नाहीं तेंही पहावें. ती दिलेल्या चार्जरवरच भरावी, जागेपणीं भरावी, आणि दाराच्या वाटेंत किंवा जिन्यांत कधींही भरूं नये. लिथियमची आग क्वचित् लागते, पण लागली तर बाहेर पडण्याचा रस्ताच ती अडवून बसावयाची.

आतां त्या जड चाकाचें कोडें. मोटर बहुधा चाकाच्या मध्यभागीं, म्हणजे हबमध्यें असते. तिच्या पोटांत दांतेरी चाकें असलीं तर वीज बंद होतांच ती चाकाला मोकळें सोडते. दांतेरी चाकें नसलेल्या मोटरमध्यें मात्र लोहचुंबकांची ओढ शिल्लक राहते; माझी ही दुसऱ्या जातीची होती. तिसरी जात पेडलपाशीं बसते. ती सायकलीचे गिअर वापरते म्हणून चढावर उत्तम. पण महाग, आणि साखळी लवकर झिजविणारी.

चढाचें गणितही करून पाहूं. स्वार, सायकल व पिशवी मिळून ९५ किलो धरा. शंभर मीटर जातांना पांच मीटर चढणारा रस्ता ताशीं १२ किलोमीटर वेगानें चढावयाचा, तर नुसतें वजन उचलण्यासच सुमारें १५५ वॉट लागतात. चाकांचें घर्षण धरून १८० च्या घरांत जातात. साठी ओलांडलेल्या माणसानें त्यांतले पन्नास-साठ जरी पायांनीं दिले, तरी मोटरचें काम पुष्कळ सोपें होतें. कांहींच न देणाऱ्याची मोटर तापते आणि बॅटरीही लवकर संपते.

मोटरला आपली इच्छा कळते ती दोन प्रकारांनीं. स्वस्त सायकलींत पेडल फिरतें आहे एवढेंच कळतें. महागांत पायाचा दाब मोजला जातो. दुसरी रीत फार सुखाची, आपलेच पाय बळकट झाल्यासारखे वाटतात. तथापि ज्यांचे गुडघे खरोखरच दुखतात त्यांना दाब देणेंच नकोसें असतें. त्यांनीं पहिली घेतली तर कमीपणा नाहीं. मात्र तींत पाय थांबल्यावरही मोटर क्षणभर ढकलीत राहते, म्हणून ब्रेक ओढतांच वीज तोडणारी कळ आहे याची खात्री करावी.

कायद्याबद्दल थोडक्यांत. मोटरची शक्ति २५० वॉटहून कमी आणि वेग ताशीं २५ किलोमीटरच्या आंत असेल, तरच परवाना व नोंदणी लागत नाहीं. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या अधिकृत संस्थेचें चाचणी-प्रमाणपत्र मागावें. कांहीं दुकानदार हळूच सांगतात, 'काका, ही एक तार काढली कीं पस्तीसनें पळते.' ती तार काढली कीं कायद्यानें तें मोटार-वाहन झालें, विनानोंदणीचें व विनाविम्याचें. घरांतला नातू ती घेऊन गेला आणि कोणाला धडकला, तर भरपाईला उभें कोण राहणार, हें त्या तारेची किंमत करतांना लक्षांत घ्यावें.

दुकानांत फेरी मारतांना सगळे वीज चालू ठेवून पाहतात. आपण ती बंद करून अर्धा किलोमीटर चालवावी, मग दोन पायऱ्या उचलून पहावी. बॅटरी संपलेल्या दिवशीं आपल्या वांट्याला येणारी सायकल ती हीच.

राहतां राहिलें पंक्चर. मोटर मागच्या चाकांत असली म्हणजे चाक काढण्यास मोठा पाना लागतो, तारेचा जोड सोडवावा लागतो, आणि पुष्कळ पंक्चरवाले नुसतें पाहूनच 'दुकानांत न्या' म्हणतात. हल्लींची माझी दुसरी सायकल पैसे देण्यापूर्वीं मीं आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. दुकानदाराचा माणूस बरोबर होता. त्याला हा प्रकार विचित्र वाटला असावा. पंक्चरवाल्यानें चाक खोललें, जोड नीट पाहिला, सगळें पुन्हां बसवून मोटर फिरवून दाखविली, आणि मगच मीं खिशांत हात घातला.