फोनची भाषा, घरची भाषा

मंठा तालुक्यातल्या एका तांड्यावरचा तरुण २०२२ साली आमच्याकडे आला. "गुरुजी, पैसे गेले," एवढेच बोलला आणि खाली बसला.

त्याने बोकड विकायला काढला होता. फोनवर गिऱ्हाईक म्हणाले, "ठिपक्यांचा चौकोन पाठवतो. तो उघडून पिन घाला, की पैसे तुमच्या खात्यात पडतील." याने पिन घातला. यायचे ते राहिले बाजूलाच, होते ते चार हजार गेले. बरे, पोरगा अडाणी नव्हे. बारावी झालेला. संगणकाच्या वर्गाचे प्रमाणपत्रही जवळ होते!

मग चुकले कोठे? पडद्यावर काय आले होते, ते आम्ही त्याला लिहून दाखवायला सांगितले. इंग्रजी तीन अक्षरांचा 'पे' हा शब्द होता. त्याचा अर्थ 'पैसे द्या'. पण जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात त्याचा भाऊ कामाला आहे. तिथे 'आज पेमेंट आहे' म्हणजे आज पगार हाती येणार! मग 'पे' म्हणजे पैसे येणार, असेच त्याला वाटले. वर्गात त्याला 'प्रदान' असा शब्द शिकवला होता. तो पडद्यावर कोठेच नव्हता. आणि घरी तर तो गोरमाटी बोलतो.

आपल्या भागाला हे नवे नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. कागद वाचता येत नाही, तरी अंगठा उठवायचा, हे आमच्या वडिलांनी पाहिलेले.

२०१७ साली सरकारने प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू केले. ते मार्च २०२४ पर्यंत चालले. वीस तासांचा पाठ होता. घटनेच्या यादीतल्या बावीस भाषांत त्याची सोय केली होती. फार चांगले काम. त्या यादीत मराठी आहे, उर्दू आहे. गोरमाटी नाही. ती उणीव वर्ग घेणाऱ्यानेच भरून काढायची.

आता आम्ही वर्ग घेतो तो असा. फळ्यावर प्रथम पडद्यावरचा इंग्रजी शब्द, जसा दिसतो तसाच. अवघड मराठी प्रतिशब्द काढीत बसत नाही. 'पासवर्ड'ला 'पासवर्ड'च म्हणतो. मग विचारतो, "याला तुमच्या घरी काय म्हणाल?" उर्दू शाळेतली मुलगी उजवीकडून डावीकडे लिहिते. तांड्यावरचा मुलगा आपला शब्द सांगतो, तो आम्ही देवनागरीत लिहून घेतो. (आमचा उच्चार ऐकून पोरे हसतात. हसू द्यावे.)

एक गोष्ट मात्र प्रत्येकाकडून त्याच्या बोलीत वदवून घेतो. पिन लागतो तो पैसे द्यायला, नाही तर शिल्लक पाहायला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. आणि फसगत झालीच, तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन लावायचा. पैसे पुढे काढून नेण्याआधी अडवता आले तर येतात. तो तरुण आमच्याकडे आला तो तिसऱ्या दिवशी.

शेवटी जोड्या लावतो. एकाने दुसऱ्याला खराच एक रुपया पाठवायचा, मग त्याने तो परत करायचा. दोघांनी एकमेकांचा पडदा पाहायचा. देणाऱ्याला पिन विचारतो. घेणाऱ्याच्या फोनवर नुसती घंटी वाजते.