प्राण्यांच्या उदरभित्तीचे स्नायू

उदरभित्तीचे स्नायू म्हणजे सस्तन प्राण्यांच्या पोटाच्या दोन्ही बाजू व तळ बंद करणाऱ्या रुंद, चपट्या स्नायूंचा समूह होय. पोटाला वरून पाठीचा कणा व पुढून मध्यपटल यांचा आधार असतो. उरलेला भार प्रामुख्याने या स्नायूंवर पडतो. गाय, बैल, म्हैस यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांत हा भार विशेष मोठा असतो, कारण प्रौढ गाईच्या एकट्या कोटीपोटाची क्षमता सुमारे १०० ते २०० लिटर असते.

रचना
उदरभित्तीत दोन्ही बाजूंस प्रत्येकी चार मुख्य स्नायू असतात.

बाह्य तिरकस स्नायू : हा सर्वांत बाहेरचा व विस्तृत स्नायू होय. तो बरगड्यांपासून निघतो व त्याचे तंतू खाली आणि मागे जातात.

आंतर तिरकस स्नायू : हा प्रामुख्याने खुब्याच्या उंचवट्यापासून पंख्याप्रमाणे पसरतो. त्याचे तंतू खाली व पुढे, म्हणजे बाह्य स्नायूच्या तंतूंना छेद देत जातात.

आडवा स्नायू : हा तिन्ही थरांत सर्वांत आतला असून त्याचे तंतू कमरेच्या मणक्यांकडून जवळजवळ सरळ खाली उतरतात. तो पोटाला आडवा वेढा घालतो, म्हणून हे नाव. त्याच्या आत पर्युदर हे पातळ पटल असते.

सरळ स्नायू : हा पोटाच्या तळाशी छातीपासून जघनास्थीपर्यंत लांबीने जातो. आडव्या कंडरापट्ट्यांनी त्याचे भाग पडलेले असतात.

पहिले तिन्ही स्नायू खाली येताना मांसल न राहता पांढऱ्या, चिवट पडद्यांत रूपांतरित होतात. हे पडदे सरळ स्नायूला म्यानासारखे वेढून मध्यरेषेवर एकत्र येतात. या रेषेस श्वेतरेषा म्हणतात. गाय व घोडा यांच्यात बाह्य स्नायूवर पिवळ्या, लवचिक ऊतीचे जाड आवरणही असते. ते आतड्यांचा भार स्नायूंना सतत आकुंचन न पावता पेलू देते. कुत्र्यात ते क्षीण असते.

कार्य
वेगवेगळ्या दिशांच्या तंतूंमुळे, प्लायवूडच्या थरांप्रमाणे, भित्ती पातळ असूनही कोणत्याही एका दिशेने सहज फाटत नाही. शेण व मूत्र टाकताना आणि विताना हे स्नायू पोटातील दाब वाढवतात. उच्छ्वासासही त्यांचे साहाय्य होते. कणा धनुष्याच्या काठीसारखा व सरळ स्नायू त्याच्या दोरीसारखा मानला जातो. ओढकाम करणाऱ्या बैलाचे धड या जोडणीमुळे ताठ राहते आणि मागील पायांचा रेटा मानेवरील जुवापर्यंत पोहोचतो.

डावी भकाळी
शेवटची बरगडी, कमरेच्या मणक्यांची आडवी टोके आणि आंतर तिरकस स्नायूची उभारलेली कड यांच्यामध्ये एक त्रिकोणी खळगा असतो. त्यास भकाळी म्हणतात. डाव्या भकाळीच्या लगेच आत कोटीपोट असल्याने येथे मूठ दाबून ठेवल्यास निरोगी गाईत मिनिटाला साधारण एक ते दोन आकुंचने जाणवतात.

पोटफुगीत हाच खळगा भरून येतो व फुगून कण्याच्या पातळीपर्यंत जातो. वाढता दाब मध्यपटल पुढे ढकलतो, फुप्फुसे दबतात व जनावर गुदमरून दगावू शकते. वायू मोकळा असेल तर पशुवैद्य आणीबाणीत भकाळीतून जाड पोकळ सुई घालून तो सोडतात. फेसाळ पोटफुगीत मात्र ही सुई फारशी उपयोगी पडत नाही व फेसनाशक औषध द्यावे लागते.

शस्त्रक्रियेतील महत्त्व
गिळलेले प्लास्टिक वा तार काढण्यासाठी कोटीपोट डाव्या भकाळीतूनच उघडले जाते. बहुधा जनावर उभे असतानाच, शेवटच्या बरगडीमागील व कमरेच्या पहिल्या दोन चेतातंतूंना बधिर करून, शस्त्रक्रिया होते. नंतर भित्तीचे थर क्रमाने शिवले जातात. कुत्री व मांजरीची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया मात्र अनेकदा श्वेतरेषेवर छेद घेऊन केली जाते, कारण तेथे रक्तस्राव अत्यल्प असतो. भित्तीतील नैसर्गिक फटी, म्हणजे बेंबी व जांघेतील वंक्षण मार्ग, नीट बंद न झाल्यास आतडे त्वचेखाली उतरते. यास अंतर्गळ म्हणतात. वासरांत बेंबीचा अंतर्गळ नेहमी आढळतो.

बीड जिल्ह्यातील संदर्भ
बीड जिल्ह्यात लाल कंधारी व देवणी या जातींचे गोधन आढळते. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार आदी तालुक्यांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे बैलगाड्यांसह स्थलांतर करतात. हंगामभर बैलांचा चारा मुख्यतः उसाचे वाढे असतो. एरवीही दुष्काळातील कडब्यानंतर पहिल्या पावसाचे कोवळे गवत मिळते, तेव्हा चारा अचानक बदलतो आणि पोटफुगीचा धोका वाढतो. बैलजोडी हेच अनेकदा कुटुंबाचे सर्वांत मोठे भांडवल असल्याने, रोज सकाळी डाव्या भकाळीवरून हात फिरवणे ही साधी सवय वेळीच पशुवैद्य बोलावण्यास उपयोगी पडते.